बोलोन्याचा पीळ

मोबाइल घरीच ठेवा. घड्याळही काढा. पायांत साध्या चपला चालतील. आपण जातोय त्या गावात अनोळखी माणसाला लोक जरा जास्तच निरखून बघतात. का, ते थोड्या वेळात कळेल. आता डोळे मिटा. नाक मात्र जागं असू द्या, कारण पोचल्याची वर्दी तेच देणार आहे.

आला वास? जालन्याच्या बाजारात रेशीमकोषांचे ढीग पाहिले असतील तर निम्मा ओळखीचा वाटेल : कोरडा, तुतीच्या पाल्याचा, किंचित गोठ्यासारखा. उरलेला निम्मा उकळत्या पाण्यात शिजणाऱ्या किड्यांचा आहे. त्याला उपमा देत नाही, तुम्हाला अजून जेवायचंय.

उघडा डोळे. इटलीतलं बोलोन्या, साल १६०७, जून महिना, सकाळची वेळ. समोर विटांची अवाढव्य भिंत दिसतेय ती सान पेत्रोनिओ चर्चची मागची बाजू, आणि तुम्ही उभे आहात तो पावालिओनेचा चौक. एरवी इथे काळे झगे सावरत विद्यापीठाचे विद्यार्थी ये-जा करतात. आज पाय ठेवायला जागा नाही. आसपासच्या खेड्यांतले शेतकरी टोपल्याच्या टोपल्या कोष घेऊन आलेत. पिवळसर, पांढरे, भुईमुगाच्या शेंगेएवढे. तराजूभोवती आरडाओरडा चाललाय. हात घाला टोपलीत. हलके, खरखरीत, आणि कानाशी धरून हलवलात तर आत काहीतरी टकटकतं. तो जीव अजून जिवंत आहे. दहा-बारा दिवसांत त्याचा पतंग झाला, की तो कोष फोडून बाहेर येणार आणि एकसलग धाग्याचे तुकडे होणार. म्हणून शेतकरी घायकुतीला आलाय आणि व्यापारी मुद्दाम संथ बोलतोय. भावाची ही रीत कुठल्याही मंडईत तुम्हाला शिकवावी लागणार नाही.

ऊन चढलं. पो नदीच्या खोऱ्यातला उन्हाळा दमट असतो, अगदी मुंबईच्या मे महिन्यासारखा. सदरा पाठीला चिकटायच्या आत सावलीत चला. सावलीची इथे ददात नाही. रस्त्याच्या दोन्ही अंगांना घरांचे वरचे मजले पुढे आलेत आणि खाली खांबांवर पेललेली ओसरीच ओसरी, गावभर. घोड्यावर बसलेला माणूस डोकं न आपटता जाईल इतकी तिची उंची हवी, असा शहराचा जुना नियम आहे. या ओसऱ्यांत न्हावी हजामत करतोय, चांभार खिळे ठोकतोय, आणि एका कोपऱ्यावर डुकराच्या मांसाच्या जाडजूड मोर्तादेल्लाचे काप पडतायत. मिरी आणि चरबीचा तो वास फुकट आहे. मांस घेऊन खाणं तुमच्या आजच्या ऐपतीत बसत नाही. आज तुम्ही हमाल आहात, हे सांगायचं राहिलंच.

तर हमालसाहेब, उचला टोपली. पुढच्या अंगणात बायका चुलीवरच्या कढयांपाशी बसल्यात. धूर, वाफ आणि तो मघाचाच वास, आता सरळ तोंडावर. गरम पाण्यात कोष सैल होतात. बाई छोट्या झाडूने ते ढवळते, सुटलेली टोकं पकडते, चार-पाच कोषांचे तंतू एकत्र करून त्यांचा एक धागा रहाटावर चढवते. एका कोषातून कित्येकशे मीटर तंतू निघतो आणि तो इतका बारीक असतो, की ती काय ओढतेय हे तुम्हाला दिसतच नाही. वाटतं, बाई हवेतून काहीतरी काढतेय. तिच्या बोटांकडे बघा. पांढरी पडलेली, सुरकुतलेली, टोकांना भाजलेली. ती तुमच्याकडे बघत नाही. नजर हलली तर टोक हरवतं.

आता हे कच्चं रेशीम. असंच मागाला लावलं तर ताण सोसणार नाही. त्याला पीळ द्यायला हवा. आधी एकेरी धाग्याला एका दिशेने, मग असे दोन धागे जुळवून उलट्या दिशेने. ज्यांच्या घरी माग आहे त्यांना हे सांगायला नको : ताण्याचा धागा बाण्यापेक्षा तालेवार लागतो. हा पीळ हाताने द्यायचा तर एका बाईच्या दिवसभराच्या कष्टातून निघणारा धागा मूठभर. आणि बोलोन्याचे तलम रेशमी बुरखे तर युरोपभर जातात. नन्सना हवेत, विधवांना हवेत, नववधूंनाही हवेत. मग एवढा पीळ देतं कोण?

खाली वाका. कान जमिनीला लावा. लोक बघतील, बघू देत.

ऐकू येतंय? पाणी. तुमच्या पायांखालून पाणी धावतंय. गावाबाहेर कासालेक्किओला रेनो नदीवर बंधारा आहे. तिथून काढलेला कालवा शहरात शिरतो आणि मग त्याला फाटे फुटतात, बरेचसे जमिनीखालून, घरांच्या तळघरांतून. आपल्या औरंगाबादची (आताच्या छत्रपती संभाजीनगरची) पाणचक्की अजून बांधायची आहे, पण मातीखालून आणलेल्या पाण्याने चाक फिरवायची कल्पना इथे आधीच घरोघर पोचलीय. फाट्यांच्या काठी धोबिणी कपडे आपटतायत, रंगारी उरलेला रंग ओततायत, चामडं भिजवणारे त्यांच्याही वरताण. पाणी कुठे निळं, कुठे तपकिरी. आणि हे सगळं पोटात घेऊन ते काळोखात, ठरलेल्या उतारावरून, एका घराच्या चाकावर पडतं आणि पुढच्या घराकडे जातं. अशा रेशीमगिरण्या या शहरात शंभराच्या आसपास आहेत. बाहेरून त्या घरांसारख्याच दिसतात. थोडी उंच घरं, एवढंच.

त्यांतल्याच एकीच्या दाराशी तुम्ही आलात. दार बुटकं आहे. आत एक मुकादम बसलाय, आणि तो टोपलीऐवजी तुमच्याकडे बघतोय.

“कुठला तू?”

लांबचा, असं सांगा. खोटं नाही ते.

“त्रेंतोचा तर नव्हेस?”

मान हलवा, जोरात. कारण ‘त्रेंतो’ हा शब्द इथे शिवीसारखा वापरतात. १५३८ साली उगोलिनो मेंझानी नावाचा इथलाच एक माणूस गिरणीची विद्या घेऊन त्रेंतोला गेला. शहराने त्याला देहदंड ठोठावला. तो हाती लागेना, तेव्हा त्याच्या प्रतिमेलाच फाशी दिली. माणूस परगावी सुखाने जेवतोय आणि इथे त्याचं चित्र लटकतंय! हसू नका, मुकादम बघतोय. कायदा साधा आहे. रेशीम विका, बुरखे विका, होडीत भरून कालव्याने व्हेनिसच्या दिशेला पाठवा, हरकत नाही. पण यंत्र, यंत्राचा भाग, यंत्राची माहिती किंवा यंत्र जाणणारा कारागीर वेशीबाहेर गेला, तर मान गेली. आज आपण ज्याला ‘यंत्रसामग्रीची निर्यात’ म्हणतो आणि ती वाढली की अर्थमंत्री खुलतात, तो इथे गुन्हा आहे.

मुकादमाने मान डोलावली. घुसा आत.

आधी काहीच दिसत नाही. बाहेरच्या उन्हातून आल्यावर अंधार डोळ्यांवर आदळतो. मग दोन-चार छोट्या खिडक्या उमटतात, एक-दोन दिवे, आणि त्या उजेडात हलणारं काहीतरी. पेशवाईतल्या एखाद्या वाड्याचा चौक आठवा. आता कल्पना करा, त्या चौकात तळघरापासून आढ्यापर्यंत एक गोल लाकडी पिंजरा उभा केलाय आणि त्याच्या आत दुसरा पिंजरा सावकाश, अगदी सावकाश फिरतोय. बाहेरचा स्थिर आहे. त्याच्या कडेने, माळ्यामागून माळे, चात्याच चात्या. मोजू नका. या शहरातले लोक फुशारकीने सांगतात, की एक गिरणी चार हजार सूतकातणाऱ्या बायकांचं काम करते. आज तुम्हाला ते खोडून काढावंसं वाटणार नाही.

आणि आवाज! लाकडाची कुरकुर, पाण्याचा खालून येणारा घुमारा, आणि या दोन्हींच्या वर एक बारीक, अखंड गुणगुण, जणू भिंतीत मधमाश्यांनी घर केलंय. चात्यांचा आवाज तो. जवळ जा, पण बाही आवरा. आतला पिंजरा रमतगमत फिरतो, पण त्याला बसवलेल्या पट्ट्या जाताजाता चात्यांना घासतात, आणि जाड्या चाकाच्या एका फेरीत बारीक चाती कितीतरी गिरक्या घेते. त्याच पिंजऱ्यावर तिरक्या फळ्याही आहेत. कामगार त्यांना ‘साप’ म्हणतात. साप पुढे सरकताना चांदणीसारख्या दातेरी चाकाला एक दात ढकलतो, चांदणीमागचा रहाट तेवढाच फिरतो, आणि पीळ बसलेला धागा तेवढाच गुंडाळला जातो. पीळ किती आणि गुंडाळणी किती, याचं प्रमाण लाकडातच कोरलंय. थकलेला हात चुकतो. हा साप चुकत नाही.

मला विचाराल तर इथे थांबून टोपी काढावी अशी ही जागा आहे. वाफेचं इंजिन यायला अजून शतक जायचंय. माणसाला ‘कारखाना’ हा शब्द नीट सुचलेला नाही. आणि या बोळात, धोबिणींच्या पायांखालच्या पाण्यावर, अनेक मजली स्वयंचलित यंत्र चाललंय.

पाठीवर कच्च्या रेशमाची टोपली आहे, विसरलात? वरच्या माळ्यावर न्यायचीय. शिडी अरुंद, तेलाने निसरडी. वर तर भट्टीच. कौलं तापलीत, हवेत रेशमाची सूक्ष्म लव तरंगतेय, ती घामाला चिकटते, नाकात जाते, तुम्ही शिंकता आणि दहा-बारा वर्षांचा एक पोरगा खिदळतो. तो इथे तुटलेले धागे जोडतो. दिवसभर. तुम्ही त्याला विचारता, एवढ्यातला कुठला तुटला हे तुला दिसतं कसं?

“दिसत नाही, काका. ऐकू येतं.”

तो खांबाला तळवा टेकवतो, मान कलती करतो. मग सरळ जाऊन सहाव्या की सातव्या चातीपाशी थांबतो, बोटाला थुंकी लावतो, दोन अदृश्य टोकं पकडतो, आणि गाठ मारतो. गाठ तुम्हाला दिसलीच नाही. तुम्ही प्रयत्न करून बघता. धागा बोटाला चिकटतो, तुटतो, कापून जातो. पोरगा पुन्हा हसतो. दुपारी पाव, कांदा आणि पाणी घातलेली वाइन मिळेल तेव्हा त्याच्याच शेजारी बसा, बोलका आहे.

आता गंमत ऐका. खाली मुकादम दार राखत बसलाय, आणि याच वर्षी, १६०७ मध्ये, तिकडे पादुआत व्हित्तोरिओ झोंका यांचं यंत्रांवरचं पुस्तक छापून निघतंय. त्यात पाण्यावर चालणाऱ्या रेशीमगिरणीचं चित्र आहे, भागांच्या वर्णनासकट. गुपित चव्हाट्यावर आलं! मग काय झालं? काहीसुद्धा नाही. पुस्तकाची प्रत ऑक्सफर्डच्या ग्रंथालयात निवांत पडून राहिली. इंग्रजांना चित्र मिळालं, गिरणी मिळाली नाही. शेवटी शंभरेक वर्षांनी जॉन लोम नावाचा तरुण इटलीत, पिडमाँटमधल्या बोलोन्याच्याच धर्तीवरच्या गिरण्यांमध्ये घुसला, यंत्रांजवळ राबला, मायदेशी परतला. तेव्हा कुठे १७२१ साली डर्बीत डरवेंट नदीकाठी गिरणी उभी राहिली. पुढच्याच वर्षी तो वारला. सूड म्हणून इटालियन बाईने विष घातलं, अशी वदंता आहे. वदंताच ती, पण बोलोन्याच्या मुकादमाला ती फार आवडली असती.

इथून आपण उडी मारणार आहोत. मधलं फारसं बघण्यासारखं नाही : बुरख्यांची फॅशन ओसरते, दुसरीकडचं रेशीम स्वस्त पडतं, गिरण्या एकेक करून बंद होतात, ओसऱ्यांमध्ये भिकारी वाढतात. आज ते यंत्र बघायचं तर विटांच्या एका जुन्या भट्टीत थाटलेल्या संग्रहालयात त्याची निम्म्या आकाराची चालती प्रतिकृती आहे, तिथे जावं लागतं. सुंभ जळला. पीळ?

बघा, तुमच्या नाकाला आता वेगळाच वास येतोय. कटिंग ऑइल.

हे बोलोन्याच, पण १९५०च्या दशकातलं. कालव्यावर स्लॅब पडतोय, त्यावरून मोटारी जाणार आहेत. तुम्ही सायकलवर आहात, डब्यात कालची भाजी, खिशात व्हर्नियर. पहाटेच्या धुक्यात तुमच्यासारखे शेकडो सायकलवाले गावाच्या कडेकडेने निघालेत. भोसरीच्या गल्ल्यांत ज्यांनी सकाळ काढलीय, त्यांना आवाजावरूनच घरी आल्यासारखं वाटेल : एका शटरमागे लेथ, दुसऱ्यामागे मिलिंग, तिसऱ्यामागे नुसतीच कानस. वर घर, खाली वर्कशॉप, आणि बारा वाजता वरून सुपाचा वास.

तुम्ही आल्दिनी-व्हालेरियानी शाळेत शिकलात. या शाळेची पुंजी ज्यांच्या मृत्युपत्रांतून आली त्यांतले एक आल्दिनी म्हणजे गाल्व्हानींचे भाचे. मामांनी बेडकाच्या तंगडीत वीज सोडली, भाच्याने लंडनमध्ये फाशी दिलेल्या माणसाच्या प्रेतात. (मघाच्या त्या कोषबाजाराच्या चौकात आज गाल्व्हानींचा पुतळा आहे. बोलोन्याला कुठलीच गोष्ट फार लांब ठेवता येत नाही.) शाळेतून तुम्ही लागलात पाकिटं बांधणारी यंत्रं बनवणाऱ्या कारखान्यात. या धंद्याची इथली थोरली बहीण म्हणजे १९२४ साली निघालेली आक्मा. तिच्या पहिल्या यंत्रांतलं एक, पाण्याला फसफस आणणाऱ्या इद्रोलितिना नावाच्या पुडीसाठी होतं. मग चॉकलेटं, साबण, गोळ्या. जीडी नावाचा कारखाना तर मोटारसायकली बनवता बनवता सिगारेटची पाकिटं बांधणाऱ्या यंत्रांकडे वळला.

यंत्राजवळ या. आत कॅम फिरतायत, सावकाश. त्यांच्या उंचवट्यांवरून दांडे वर-खाली होतात, चिमटे उघडतात, मिटतात. एक चिमटा कागद ओढतो, दुसरा गोळी ठेवतो, तिसरा गुंडाळतो, आणि मग दोन्ही बाजूंचे चिमटे कागदाची टोकं पकडून उलटसुलट फिरतात. पीळ! लिमलेटच्या गोळीच्या कागदाला असतो तो. किती जोरात फिरवायचं, हे प्रमाण इथे लाकडाऐवजी पोलादात कोरलंय. साप म्हणा, कॅम म्हणा.

दहा वर्षं तुम्ही हे कॅम घासलेत. मग एके दिवशी मालकाला सांगता, की मी स्वतःचं काढतोय. मालक शिव्या देतो, दार आपटतो. आणि महिन्याभराने तुम्हालाच एका भागाचं काम देतो, कारण तसा भाग गावात दुसरं कुणी करत नाही. मेंझानीने जे केलं तेच तुम्ही केलंत. पण फाशी सोडाच, बँकेने कर्ज दिलं. अशाच फुटण्यातून बोलोन्याच्या आसपास कारखान्याला कारखाना लागत गेला. १९६१ साली निघालेल्या आयएमएची यंत्रं चहाच्या पिशव्या भरायला लागली. आता हा पट्टा ‘पॅकेजिंग व्हॅली’ म्हणून ओळखला जातो.

शेवटची उडी. फार लांब नाही, आजच.

हॉल इतका स्वच्छ, की चप्पल काढावीशी वाटते. काचेमागे यंत्र, कॅम पुष्कळसे गेले, प्रत्येक हालचालीला वेगळी सर्व्हो मोटर आलीय. परदेशी गिऱ्हाईक समोर उभं आहे, यंत्र त्याच्याच गोळ्या घेऊन तासन्‌तास चालवून दाखवलं जातंय. मग ते सोडवून खोक्यांत भरायचं. इटलीच्या पॅकेजिंग यंत्रांच्या विक्रीतला जवळपास चार पंचमांश वाटा परदेशातून येतो. जगात या धंद्यात तिला तोलामोलाचा जोडीदार जर्मनी. जेवणाच्या सुट्टीत बोलणं होतं ते चीनच्या स्वस्त यंत्रांचं, अमेरिकेच्या आयातकराचं, आणि प्लॅस्टिक जाऊन कागद येतोय त्याचं. कागद ताणला जात नाही, फाटतो, म्हणून जुनी यंत्रं नव्याने शिकवावी लागतात. पण सगळ्यांत हळू आवाजात बोललं जातं ते निवृत्तीबद्दल. मोठी माणसं निघालीत आणि शाळेतून पुरेशी पोरं येत नाहीत. माझ्या मते खरी चिंता तीच आहे. चीनला चित्रं आज एका क्लिकवर मिळतील. झोंकांचं पुस्तकही ऑक्सफर्डला मिळालंच होतं.

खोकी निघाली. आणि त्यांच्यामागोमाग तुम्हीही, कारण आता तुम्ही त्रासफेर्तिस्ता आहात : यंत्रामागोमाग देशोदेशी जाऊन ते उभं करून देणारा फिटर. वेशीबाहेर विद्या नेणाऱ्याला शहर आता विमानाचं तिकीट काढून देतं, वर भत्ता देतं.

विमान, मग दुसरं विमान, मग गाडी. उतरलात तेव्हा ऊन ओळखीचं वाटलं. वाळूज एमआयडीसी. मागे शहरात पाणचक्की, इथे औषधांचा कारखाना. तीन आठवडे झाले, यंत्र गोळ्यांच्या पट्ट्या बांधतंय. आज तुम्ही निघणार. स्क्रीनवर सगळे दिवे हिरवे आहेत, लॅपटॉपही काही तक्रार करत नाही.

ऑपरेटर, पैठणकडचा, तेविशीचा पोरगा, चहाचा कप खाली ठेवतो. यंत्राजवळ जातो, दाराच्या पत्र्याला तळवा टेकवतो, मान कलती करतो.

“साहेब,” तो म्हणतो, “जरा थांबा. तिसऱ्या स्टेशनात काहीतरी बोलतंय.”